फॅरडे यांचे लाल सोने

विद्युतजनित्राचा पाया घालणारे शास्त्रज्ञ म्हणून मायकेल फॅरडे जगाला परिचित आहेत. उतारवयात त्यांनी सोन्यावर केलेले प्रयोग मात्र काहीसे दुर्लक्षितच राहिले.

लोहाराच्या घरी २२ सप्टेंबर १७९१ रोजी जन्मलेल्या फॅरडे यांचे शालेय शिक्षण जेमतेमच झाले. लंडनमध्ये पुस्तकबांधणी शिकत असताना हाती आलेली पुस्तके ते वाचून काढीत. हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची टिपणे बांधून त्यांनी डेव्हींकडे धाडली आणि १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यकाची जागा मिळवली. १८३१ मध्ये त्यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. द्रावणातून वीज वाहून नेणाऱ्या घटकांसाठी विल्यम ह्यूएल यांनी सुचवलेला 'आयन' हा शब्द त्यांनीच १८३४ मध्ये रूढ केला.

१८५६ मध्ये फॅरडे पासष्टीला आले होते. स्मरणशक्ती दगा देऊ लागली होती. तरीही सोन्याच्या क्षारद्रावणावर फॉस्फरसची क्रिया घडवून त्यांनी माणकासारखा लाल द्रव तयार केला. त्यात मीठ पडताच तो निळा झाला. हे रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचे आहेत, हे त्यांनी ओळखले आणि १८५७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले. मिठाच्या किमयेचे कारण मात्र त्यांच्या हाती लागले नाही. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले.

ते कारण आयनांतच दडले होते. कणांवरील विद्युतभार त्यांना परस्परांपासून दूर ठेवतो. मिठातील आयन या भाराचा प्रभाव झाकतात, कण एकत्र येतात आणि रंग पालटतो.

सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या परिणामात विखुरलेल्या प्रकाशावरून रेणू ओळखता येतो. पण हा संकेत अतिशय क्षीण असतो. चांदीच्या खडबडीत पृष्ठभागावर तो कित्येक पटींनी वाढतो, हे १९७० च्या दशकात स्पष्ट झाले. ऱ्होडामिनसारख्या रंगद्रव्याचा अंश चांदीच्या कणद्रवात मिसळून क्लोराइड आयन घातले, की कण जवळ येतात, त्यांच्या फटींत प्रकाशाचे बळ एकवटते आणि संकेत उजळतो. आयन रंगद्रव्याला चांदीशी जोडण्यासही साहाय्य करतात. मीठ जास्त झाले, तर कण तळाशी बसतात आणि संकेत मावळतो.

फॅरडे यांनी रूढ केलेला शब्द आणि त्यांना न सुटलेले कोडे असे एकाच परीक्षानळीत भेटले. त्यांच्या लाल द्रवाच्या बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनने जपून ठेवल्या आहेत.