बेदरला आपले घर मानणारा महमूद गवान

दामाजीपंतांच्या कथेमुळे बेदर हे नाव मराठी घरांतील लहानथोरांना परिचित आहे. त्याच बेदरमध्ये पंधराव्या शतकात एक परदेशी व्यापारी आला आणि कायमचा येथलाच होऊन गेला. त्याचे नाव ख्वाजा महमूद गवान.

इराणच्या उत्तरेस, कास्पियन समुद्राच्या काठी, गिलान नावाचा प्रांत आहे. दाट अरण्ये, भरपूर पाऊस आणि थंडीत पर्वतांवर साचणारे बर्फ, असा तो मुलूख. तेथील एका प्रतिष्ठित घराण्यात महमूदाचा जन्म झाला. राजकीय वैरामुळे त्याला मायदेश सोडावा लागला. व्यापार करीत आणि विद्वानांचा सहवास जोडीत तो १४५३ मध्ये दाभोळ बंदरी उतरला व तेथून बेदरला आला. तेव्हा त्याने चाळिशी ओलांडली होती. पुढे दिल्लीस जाण्याचा त्याचा बेत होता. परंतु बहमनी सुलतानाने त्याची योग्यता ओळखून त्याला आपल्या पदरी ठेवून घेतले.

बेदर उंच पठारावर असल्यामुळे येथील हवा गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुरगीहून, सौम्य आहे. तरीही चैत्र-वैशाखातील ऊन, तापलेली तांबडी जमीन आणि पावसाचा लहरीपणा आपणांस ठाऊक आहेच. हिरव्यागार गिलानातून आलेल्या माणसास हे सारे किती परके वाटले असेल! त्याच काळात अफानासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारीही बेदरला येऊन गेला. त्याच्या देशात हिवाळ्यात नद्या गोठतात. त्याने बेदरचे वर्णन लिहून ठेवले. पण मायभूमीच्या ओढीने तो परत फिरला आणि घर गाठण्यापूर्वीच वाटेत मरण पावला. महमूदाने मात्र येथेच मुळे रुजवली.

आपल्या कर्तृत्वाने तो राज्याचा मुख्य प्रधान झाला. त्याने राज्याचे चार सुभे होते त्यांचे आठ केले व गोवा जिंकून घेतला. परंतु त्याची खरी कीर्ती १४७२ मध्ये उभ्या राहिलेल्या मदरशामुळे आहे. तीन मजली इमारत, मध्ये प्रशस्त चौक, जाड भिंती आणि उंच कमानी. त्यामुळे बाहेर ऊन तापले तरी आत सावली व वारा मिळावा. दर्शनी भागावर मायदेशाची आठवण देणाऱ्या रंगीत इराणी फरशा बसविल्या. तेथे विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवण्याची विनामूल्य सोय होती आणि ग्रंथालयात सुमारे ३००० ग्रंथ होते. इराण, तुर्कस्तान व मिसर येथील थोरामोठ्यांशी त्याचा पत्रव्यवहार चालू असे. पण तो स्वतः परत गेला नाही.

दरबारात दक्षिणी व परदेशी सरदारांत तीव्र वैर होते. महमूदाने दोन्ही पक्षांना सारखे अधिकार देऊन समतोल राखण्याचा यत्न केला. तरी मत्सर शमला नाही. विरोधकांनी त्याची मुद्रा असलेल्या कोऱ्या कागदावर ओरिसाच्या राजाच्या नावे राजद्रोहाचे खोटे पत्र लिहिले. मद्यधुंद सुलतानाने चौकशी न करता ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडापल्ली येथे त्या सत्तरी उलटलेल्या वृद्धाचा वध करविला. नंतर झडती घेता त्याच्या घरी फारसे धन आढळले नाही; मिळकतीचा मोठा भाग त्याने गोरगरिबांसाठी वेचला होता. सुलतानास पश्चात्ताप झाला. पण वेळ निघून गेली होती. पुढच्याच वर्षी सुलतान वारला आणि पुढील काही दशकांत त्या राज्याची पाच शकले झाली.

१६९६ मध्ये दारूच्या स्फोटाने मदरशाचा बराच भाग कोसळला. उरलेल्या मिनारावर निळ्या फरशांचे तुकडे अद्याप चमकतात. बेदरबाहेर, याच तांबड्या मातीत, महमूदाची साधी कबर आहे.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या शिक्षणासाठी वा चाकरीसाठी तुमच्यापैकी अनेकांना परमुलखी जावे लागेल. कोठे थंडी हाडे गोठवील, कोठे ऊन असह्य होईल. हवा बदलणे आपल्या हाती नसते. पण तेथील मुलांसाठी चार भिंती, थोडी सावली आणि काही ग्रंथ उभे करणे हाती असते. ज्या भूमीसाठी आपण झिजतो, ती परकी राहत नाही, हेच महमूद गवानाच्या चरित्राचे सार होय.