कमला सोहोनी
कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, मृत्यू: १९९८) या मराठी जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी.

१९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून त्यांचा अर्ज फेटाळला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर एक वर्षाच्या परीक्षणाच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. पुरुष विद्यार्थ्यांना अशी अट नव्हती. वर्षभराचे काम पाहून रामन यांनी प्रवेश नियमित केला आणि पुढे संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम करून त्या केंब्रिजला गेल्या. तेथे बटाट्याचा अभ्यास करताना, पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेणारे ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असल्याचे त्यांना आढळले. या शोधावरील जेमतेम ४० पानांच्या प्रबंधाला १९३९ साली पीएच.डी. मिळाली. या प्रथिनाची त्रिमितीय रचना तेव्हा अज्ञात होती. रिचर्ड डिकरसन व सहकाऱ्यांनी ती सुमारे तीन दशकांनी क्ष-किरण स्फटिकशास्त्राने उलगडली. जिवाणूंतील याच कुळातल्या प्रथिनांची घडणही पुढे तशीच निघाली.

मायदेशी परतल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले.