सुकुमार सेन : चिन्ह पक्षाचे, नाव मतदाराचे

स्वतंत्र भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन हे मूळचे गणिताचे विद्यार्थी. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून ते लंडन विद्यापीठात गेले आणि तेथे गणितात सुवर्णपदक मिळवून १९२१ मध्ये सनदी सेवेत दाखल झाले. जिल्हा न्यायाधीशाच्या पदावरून पुढे ते पश्चिम बंगालचे मुख्य सचिव झाले. मार्च १९५० मध्ये देशातील निवडणुकांची धुरा त्यांच्याकडे आली.

पंतप्रधान नेहरूंना निवडणूक लवकर हवी होती. सेन यांनी मात्र सबुरीचा सल्ला दिला, कारण सतरा कोटींहून अधिक मतदारांच्या याद्या सिद्ध करायच्या होत्या आणि त्यांतील सुमारे ८५ टक्के लोक निरक्षर होते. ज्याला अक्षरओळख नाही, त्याने पक्ष ओळखावा कसा? याचे उत्तर चित्रांत सापडले. काँग्रेसला बैलजोडी, समाजवादी पक्षाला झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाला झोपडी, जनसंघाला पणती अशी नित्याच्या जीवनातील चिन्हे मिळाली. गाय, देऊळ, राष्ट्रध्वज, चरखा यांसारखी श्रद्धेला वा भावनेला हात घालणारी चिन्हे कोणालाच देण्यात आली नाहीत. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह असे. मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकली की मत नोंदले जाई.

ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात मतदान पार पडले. निवडणुकीपूर्वी चौदा पक्षांना देशभरासाठी चिन्हे मिळाली होती. मतांच्या कसोटीनंतर राष्ट्रीय पक्ष म्हणून चारच उरले : काँग्रेस, प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट आणि जनसंघ. पक्षाचे मोठेपण त्याच्या दाव्यावर न ठरता मतांवर ठरावे, हा पायंडा येथेच पडला. त्याच निवडणुकीत काँग्रेसला सुमारे ४५ टक्के मते आणि लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या. मते आणि जागा यांतील ही तफावत मोठ्या पक्षांच्या संदर्भात आजही चर्चिली जाते.

सेन यांचा सर्वांत कठोर निर्णय मात्र पक्षांविषयी नव्हता. उत्तरेकडील अनेक स्त्रियांनी याद्यांत स्वतःचे नाव न सांगता केवळ अमक्याची पत्नी, तमक्याची आई अशी नोंद केली होती. नाव सांगण्यासाठी मुदत वाढवून देण्यात आली, तरीही सुमारे २८ लाख नोंदी तशाच राहिल्या आणि त्या वगळण्यात आल्या. लक्षावधी स्त्रियांचा पहिला मताधिकार त्यामुळे हुकला, ही त्या यशस्वी निवडणुकीची दुखरी बाजू होय. मत हे व्यक्तीचे असते, कुटुंबप्रमुखाच्या नात्याने मिळालेले नसते, हा सेन यांचा आग्रह होता. १९५७ च्या निवडणुकीपर्यंत बहुसंख्य स्त्रिया स्वतःच्या नावानिशी यादीत आल्या.

त्यांच्या कार्याची कीर्ती देशाबाहेरही पोहोचली आणि १९५३ मध्ये सुदानच्या पहिल्या निवडणुकीचे संचालनही त्यांनीच केले. डिसेंबर १९५८ मध्ये ते पदमुक्त झाले. पुढे काही पक्ष फुटले, काही विलीन झाले, बैलजोडीही इतिहासजमा झाली. मतदाराचे स्वतंत्र नाव मात्र यादीत कायम राहिले. प्रत्येक निवडणुकीत पक्षांना त्याच नावापुढे हात जोडून उभे राहावे लागते.