संत सावता माळी : मळ्यातली पंढरी



आषाढ लागला की आपल्या भुदरगडात दोन हाका एकदमच येतात. एक पंढरीची, दुसरी शेताची. वेदगंगेकाठी भाताच्या लावणीची घाई असते आणि नेमकी तेव्हाच दिंडी निघते. घरातलं एखादं माणूस टाळ घेऊन वाटेला लागतं, बाकीची मंडळी चिखलात उतरतात. मागं राहिलेल्याच्या मनाला मात्र लागून राहतं, की यंदा आपली वारी चुकली. अशा माणसानं सावता महाराजांचं चरित्र जरूर ऐकावं.

महाराजांचा जन्म शके ११७२ चा, म्हणजे इ. स. १२५० चा. गाव अरण, सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातलं. आजोबा देवू माळी, वडील परसूबा, आई नांगिताबाई. विठ्ठलभक्ती आणि मळ्याचे कष्ट, दोन्ही घरात पहिल्यापासूनच. नामदेव महाराज, गोरोबाकाका यांचाच हा काळ. ज्ञानोबा माउलींपेक्षा सावता महाराज पंचवीस वर्षांनी मोठे. त्यांचं लग्न भेंड गावच्या जनाबाईंशी झालं. विठ्ठल आणि नागाताई ही त्यांची मुलं.

महाराजांनी संसार सोडला नाही, मठ बांधला नाही. हाती खुरपं आणि मुखी नाम, एवढंच त्यांचं साधन. परंपरा सांगते, की पंढरपूर काही फार लांब नसतानाही ते तिकडं गेले नाहीत. मळाच त्यांची पंढरी झाली. वाफ्यावाफ्यात विठ्ठल दिसू लागल्यावर खुरपणी अर्धवट टाकायची कशी, आणि पाण्याची पाळी चुकवायची कशी? त्यांचे सदतीस अभंग आज मिळतात, त्यांतही मळ्यातलेच शब्द आहेत. ते अभंग काशीबा गुरवांनी लिहून ठेवले, म्हणून आपल्यापर्यंत पोचले.

एकदा सासरची मंडळी घरी आली आणि महाराज भजनात दंग. पाहुण्यांची विचारपूस राहिली, जनाबाई रागावल्या. महाराजांनी आवाज चढवला नाही. गोड बोलून त्यांची समजूत घातली. संत म्हणून घरात मोठेपणा मिरवायचा, हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

कूर्मदासांची कथा तर आपण कीर्तनात ऐकतोच. पैठणचे कूर्मदास हातापायांनी अधू, तरी सरपटत पंढरीला निघाले आणि लऊळला येऊन थकले. देव त्यांच्या भेटीला निघाला, संगती ज्ञानोबा आणि नामदेव. वाटेत अरणला देव मळ्यात शिरला आणि मला लपव म्हणाला. महाराजांनी खुरप्यानं आपलं पोट चिरून देवाला आत ठेवलं. नामदेव रडत रडत शोधत राहिले. बघा माउली, एक भक्त वाटेवर सरपटत होता, एक जागेवर खुरपत होता. देव दोघांकडंही गेला.

पण यावरून वारी नको, शेतच बरं, असा सोयीचा अर्थ कुणी काढू नये. नुसतं राबणं म्हणजे पूजा नव्हे. बांध कोरून शेजाऱ्याची वीतभर जमीन ओढली, दुधात पाणी घालून डेअरीत नेलं, लावणीला आलेल्या बायकांचा रोजगार अडकवून ठेवला, तर त्या कामात विठ्ठल कसा येईल? आणि पीक जोमात आलं की ते मीच आणलं, ही भाषाही सोडली पाहिजे. पाऊस त्याचा, माती त्याची, आपले फक्त हात. हेतू शुद्ध आणि अंगी लीनता असेल, तरच मळ्याची पंढरी होते.

आषाढ वद्य चतुर्दशी, शके १२१७ (इ. स. १२९५) या दिवशी महाराज अरणलाच समाधिस्थ झाले. वय अवघं पंचेचाळीस. आषाढीला साऱ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला येतात. सावता महाराजांच्या पुण्यतिथीला मात्र पांडुरंगाचीच पालखी अरणला जाते. जो कामातून उठला नाही, त्याच्या दारी देव आजही जातो.

आपली दिंडी शंभर वर्षं चालली, ती चालणाऱ्यांच्या पायांवर. तशीच ती मागं राहून लावणी उरकणाऱ्या, गुरंढोरं आणि म्हातारीकोतारी सांभाळणाऱ्या हातांवरही चालली. म्हणून पंढरीहून परतलेल्या वारकऱ्यानं बुक्का आधी त्यांच्या कपाळी लावावा आणि त्यांच्या पाया पडावं. त्यांचीही वारी पोचली आहे.

रामकृष्ण हरी!