देवाचा दरबार उघडणारे रेव्हरंड टिळक

आज आषाढी एकादशी. घाटावरच्या वाटा टाळमृदंगांच्या घोषाने दुमदुमवीत दिंड्या पंढरीस पोहोचल्या आहेत. इकडे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात नौका शाकारून विसावल्या आहेत. जून-जुलैच्या मासेमारीबंदीचा हा काळ. जवळच रत्नदुर्गावर भगवतीचे देऊळ, वस्तीत मशीद, आणि धक्क्यावर जाळी दुरुस्त करीत बसलेले नाना घरांचे दर्यावर्दी. कोणी ट्रॉलरवाला, कोणी गिलनेटवाला, कोणी पर्ससीनवाला. भर हंगामात यांचे आपसांत कलह होतात, हे आम्ही वृत्तपत्रांतून वाचतोच. परंतु वारा फिरला, दर्या खवळला, म्हणजे सर्वांस आसरा देणारे बंदर एकच असते.

हे दृश्य पाहताना आम्हांस याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका पुरुषाचे स्मरण होते. जन्माने चित्पावन ब्राह्मण, वृत्तीने कवी, विद्येने संस्कृत पंडित आणि स्वीकृत धर्माने ख्रिस्ती असे हे रेव्हरंड नारायण वामन टिळक. एकादशीच्या दिवशी ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे चरित्र कशासाठी, असे एखादा वाचक विचारील. त्याचे उत्तर असे की, तुकोबांच्या अभंगांनीच आपणांस ख्रिस्तचरणी नेऊन पोहोचविले, असे टिळक स्वतः मानीत आणि उघडपणे सांगत. शिवाय भिन्न मतांच्या भक्तांनी एकत्र नांदावे कसे, हा जो प्रश्न वारकऱ्यांच्या दिंडीने आपल्या परीने सोडविला, तोच टिळकांनी आपल्या नव्या धर्मबंधूंपुढे मांडला.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेली. ती माउली लेकरास लहान वयातच अंतरली आणि त्या दुःखाने नारायण घर सोडून नाशिकास गेला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाच्या पायाशी बसून त्याने संस्कृतचे अध्ययन केले. पुढे जवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका त्यांची पत्नी झाली. याच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहून अवघ्या महाराष्ट्रास हसविणाऱ्या आणि रडविणाऱ्या लक्ष्मीबाई होत.

टिळकांचा स्वभाव एका जागी रमणारा नव्हता. कधी शिक्षकी, कधी कीर्तन, कधी पुराणकथन, अशी त्यांची भ्रमंती चाले. नागपुरास अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांच्या कार्यात गुंतले होते आणि ‘ऋषी’ नावाचे मासिकही चालवीत होते. सर्व देशबांधवांना जोडील असा एखादा धर्म असावा, जातिभेदाने चिरफळलेला हा समाज एक व्हावा, हा ध्यास तेव्हापासूनच त्यांच्या चित्तास लागला होता. अशातच राजनांदगावच्या आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. त्यातील डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांचे मन हरण केले. पुष्कळ दिवसांच्या घालमेलीनंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो त्यांनी कोणा गोऱ्या पाद्र्याकडून न घेता रेव्हरंड तुकाराम नथोजी या एतद्देशीय धर्मगुरूंच्या हातून घेतला.

या निर्णयाची किंमत मात्र एकट्या टिळकांनी मोजली नाही. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पती जिवंत असून दुरावलेला, पदरी लहान मूल आणि चहूकडे लोकापवाद, अशा स्थितीत त्यांनी सुमारे साडेचार वर्षे आप्तांच्या आधाराने कंठिली. त्यांपैकी काही काळ तर त्या पंढरपुरातच होत्या. विठुरायाच्या नगरीत बसून ती साध्वी कोणत्या वेदना सोशीत असेल, याची कल्पना प्रत्येक गृहिणीने करावी. टिळकांच्या चरित्रातील हा अध्याय झाकून त्यांचा गौरव करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

तथापि याच दुःखातून एक अपूर्व गोष्ट घडली. लक्ष्मीबाई अखेर नगरास पतीकडे आल्या, त्या धर्म बदलून नव्हे. आपले सोवळेओवळे, आपले पाणी, आपला स्वयंपाक त्यांनी वेगळा ठेवला आणि टिळकांनी तो ठेवू दिला. एका छपराखाली दोन धर्म नांदू लागले. पुढे माणसामाणसांतील उच्चनीच भाव देवाने निर्मिलेला नाही, असे लक्ष्मीबाईंच्या मनाने आपणहून घेतले, आणि इ. स. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. भिन्न श्रद्धेच्या माणसास धाक न घालता, घाई न करता त्याच्यासह राहणे म्हणजे काय, हे टिळक प्रथम आपल्या घरात शिकले. मंडळीस ते शिकविण्याचा अधिकार त्यांना त्यानंतर प्राप्त झाला, असे आम्ही समजतो.

आता ही मंडळी म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. ख्रिस्ती उपासकांच्या समुदायास मराठी ख्रिस्ती लोक मंडळी म्हणतात. आपणांस दुरून सारे ख्रिस्ती एकच दिसतात. वस्तुतः त्यांच्यातही अनेक पंथ आहेत. टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनात काम करीत, त्याचे आद्य मिशनरी १८१३ साली मुंबईस आले आणि १८३१ साली नगरास त्याचे ठाणे पडले. या पंथात प्रत्येक स्थानिक मंडळी आपला कारभार आपणच पाही. इंग्लंडच्या राजमान्य पंथात बिशपची सत्ता चाले. स्कॉटिश पंथाचा कारभार वडीलजनांच्या सभेकडे असे. त्या पंथाचे मिशनरी १८२३ साली आमच्या कोकणातच, बाणकोट-हर्णैच्या बाजूस, प्रथम उतरले होते. कोणी तान्ह्या बालकास बाप्तिस्मा देत, तर कोणी जाणत्या वयात स्वतः श्रद्धा प्रकट केल्यावाचून तो देऊ नये, असे म्हणत. प्रभुभोजनाच्या विधीतही मतांतरे होतीच.

टिळकांना खटकले ते हे की, या भेदांची मुळे युरोप-अमेरिकेच्या इतिहासात होती. तेथील राजे, तेथील लढाया आणि तेथील वाद यांतून उपजलेली ही कुंपणे मराठी शेतकऱ्याच्या दारात कशासाठी घालावी? शिवाय आमच्या घरचा एक भेद होताच, तो जातीचा. नगरकडील मंडळ्यांत बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतून आलेले. त्यांच्या पंक्तीस हा दशग्रंथी परंपरेचा ब्राह्मण बसला आणि त्यांचा भाऊ होऊन राहिला. १९०४ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली.

भेद मोडण्याचे टिळकांचे खरे साधन होते काव्य. त्या काळी मंडळ्यांत परदेशी चालींवर ओढूनताणून बसविलेली गीते पुष्कळ म्हटली जात. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधी पाडलेली होतीच. टिळकांनी ओवी, अभंग, पद, आरती हे सारे आपले वैभव ख्रिस्तभक्तीच्या सेवेस आणले. ‘अभंगांजली’ रचली, कीर्तने केली, ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले. १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचे संपादन केले. ‘केवढे हे क्रौर्य’ आणि ‘वनवासी फूल’ लिहिणारे टिळक शाळकरी मुलांनाही ठाऊक होतेच. नगरच्या त्यांच्या घरी राहून एक हिंदू तरुण कवी वाढला. तो त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच आपले बालकवी होत. त्यास ममता देताना त्या घराने त्याचा धर्म विचारला नाही.

‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात टिळकांची दोनशेहून अधिक गीते आहेत. बिशप मानणारा आणि न मानणारा, बालबाप्तिस्मा देणारा आणि न देणारा, असे दोघेही तीच गीते गात आले. धर्मसभांच्या ठरावांनी ज्यांचे जुळत नव्हते, त्यांचे सूर एका अभंगात जुळले. ज्ञानोबा-तुकोबांच्या महाराष्ट्रास यात नवल ते काय वाटावे?

परंतु टिळकांची तळमळ एवढ्याने शमली नाही. १९१७ साली, पन्नाशी उलटून गेल्यावर, त्यांनी मिशनची नोकरी आणि वेतन सोडून ख्रिस्ती संन्यासवृत्ती पत्करली. सातारा येथे त्यांनी एक भक्तमंडळ स्थापिले आणि त्यास नाव दिले ‘देवाचा दरबार’. त्याची कल्पना त्या काळास चकित करणारी होती. कोणत्याही पंथाच्या ख्रिस्ती माणसास तेथे स्थान होतेच. परंतु ज्याने बाप्तिस्मा घेतलेला नाही आणि तरीही ख्रिस्तास आपला गुरू मानले आहे, त्यासही तेथे बंधू म्हणून स्थान होते. परदेशी वेष उतरलेला, आपल्या मातीतला ख्रिस्त या देशाने पाहावा, ही त्यांची मनीषा होती.

येथे प्रश्न सोपा नव्हता. बाप्तिस्मा ही मंडळीची वेस. वेसच काढून टाकली तर गाव राहील काय, अशी शंका प्रामाणिक श्रद्धावंतांस येणे स्वाभाविक होते, आणि ती शंका क्षुद्र म्हणून उडवून देता येत नाही. टिळकांनी विधीचा अवमान केला नाही. ते स्वतः त्या वेशीतून मोठे मोल देऊन आत आले होते. देवाकडे निघालेला माणूस वाटेवर असतानाही आपलाच असतो, एवढेच त्यांचे सांगणे होते. दिंडी पंढरीस पोहोचेपर्यंत वारकरी हा वारकरी नाही, असे आपण तरी कधी म्हणतो काय?

या दरबारास आयुष्य थोडे लाभले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दहन करण्यात आले. त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ मात्र लक्ष्मीबाईंनी पुढे नेऊन पूर्ण केले. एके काळी नवऱ्याच्या धर्मांतराने उद्ध्वस्त झालेल्या स्त्रीने त्याच्याच श्रद्धेचे काव्य पुरे करावे, याहून मोठी एकता ती कोणती!

इंग्लंडच्या पंथातील जे. सी. विन्स्लो या मिशनऱ्याने, म्हणजे टिळकांच्या मिशनाबाहेरील माणसाने, १९२३ साली त्यांचे इंग्रजी चरित्र लिहून प्रसिद्ध केले, हीही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. आणि पुढे अर्धे शतक लोटल्यावर, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, सहा निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांनी एकत्र येऊन उत्तर भारताच्या संयुक्त मंडळीची स्थापना केली. ती झाली नागपुरात, जेथे टिळकांनी तरुणपणी ‘ऋषी’ काढले होते. अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील मंडळ्या त्यात सामील झाल्या. मेथडिस्टांची एक मोठी शाखा मात्र ऐनवेळी बाहेर राहिली. तेव्हा हे ऐक्य पूर्ण झाले, असे म्हणता येत नाही. पण त्यातील एक तडजोड आम्हांस फार मोलाची वाटते. बाप्तिस्मा बालपणी की जाणतेपणी, या जुन्या वादात कोणासही हार पत्करावी लागली नाही. दोन्ही रीती एकाच मंडळीत मान्य करण्यात आल्या.

यावर टिळकांचा प्रत्यक्ष हात होता, असा आमचा दावा नाही. तथापि नगरच्या त्या घरात दोन चुली शेजारी शेजारी पेटत होत्या आणि संसार एक होता, याचे स्मरण आम्हांस झाल्यावाचून राहत नाही.

वाचकहो, आपल्याही घरांत आता मते निरनिराळी असतात. कोणी उपवास करतो, कोणी करीत नाही. कोणी शैव, कोणी वैष्णव, कोणी सूनबाई दुसऱ्या जातीतून वा धर्मातून आलेली. आज एकादशीचे फराळाचे ताट मांडताना ज्याचे मत आपल्याहून वेगळे आहे, त्याचेही पान आपल्या पंक्तीत मांडावे. मिरकरवाड्याच्या धक्क्याला लागलेल्या नौकांप्रमाणे, ज्याची जाळी त्याच्यापाशी आणि आसरा सर्वांस एक, अशी आपली घरे असोत, हीच पांडुरंगचरणी आमची प्रार्थना.