कर्मवीरांची शेती

सांगली आणि मिरज या दोन शहरांच्या लगत कुपवाड हे गाव आहे. आज ते सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत मोडते आणि तेथे कारखान्यांची मोठी वसाहत आहे. या गावाहून पश्चिमेकडे गेले, की कृष्णा-वारणेच्या काठची काळी कसदार जमीन लागते. तेथे उसाचे मळे डोलत असतात. पूर्वेकडे कवठे महांकाळ आणि जत या भागांकडे वळले, की मुरमाड माळ सुरू होतात. तेथे पाऊस बेताचा. जो पडतो, तोही वरची माती बरोबर घेऊन ओढ्याला मिळतो. अलीकडे म्हैसाळसारख्या उपसा सिंचन योजनांमुळे या भागातील अनेक गावांना कृष्णेचे पाणी मिळू लागले आहे; परंतु माळाची माती माळावर राखण्याचे काम कोणत्याही कालव्याला करता येत नाही. ते माणसाच्या हातांनीच करावे लागते.

माती आणि माणूस या दोहोंचीही मशागत तरुणांच्या हातांनी करून घेणारा एक थोर पुरुष याच मुलखात होऊन गेला. त्यांचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील. लोक त्यांना आदराने कर्मवीर म्हणत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. त्यांचे मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. घराणे जैन शेतकऱ्याचे. वडील महसूल खात्यात नोकरीस असल्यामुळे त्यांची बदली होई आणि भाऊरावांचे बालपण निरनिराळ्या गावी गेले. त्यांच्या लहानपणची एक गोष्ट सांगतात. गावच्या विहिरीवर अस्पृश्य मानलेल्या लोकांना पाणी भरू देत नसत. ते लोक रिकामी भांडी घेऊन ताटकळत उभे राहत आणि कोणी वरून पाणी घालील तेव्हाच त्यांना ते मिळे. हे पाहून त्या मुलाला इतका संताप आला, की त्याने विहिरीचा रहाटच मोडून टाकला. रहाट मोडल्याने सर्वांना पाणी मिळत नाही, हे त्याला पुढे कळले. परंतु पाणी सर्वांचे आहे, हा विचार त्याच्या मनातून कधीच गेला नाही.

पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापुरास गेले. तेथे राजर्षी शाहू महाराजांचे कार्य त्यांना जवळून पाहावयास मिळाले. सत्यशोधक समाजाचे विचारही त्यांच्या मनात रुजले. या समाजाचे संस्थापक महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ लिहिला. लष्कर व पोलीस यांतील रिकाम्या हातांकडून जागोजाग लहानमोठे बांध घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरून मग ओढ्यानाल्यांस मिळेल, अशी सूचना त्यांनी त्या ग्रंथात केली होती. रिकाम्या हातांना काम आणि जमिनीला ओल, या दोन गोष्टी एकत्र आणणारा हा विचार होता. फुल्यांच्या मार्गाने जाणाऱ्या भाऊरावांनी पुढे विद्यार्थ्यांचे हात असेच कामी आणले.

भाऊरावांना शाळाकॉलेजातील पदवी काही मिळाली नाही. साताऱ्यास ते मुलांच्या शिकवण्या करू लागले, म्हणून पाटील मास्तर या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यानंतर ते किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते झाले. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली सुरू झाला होता. त्या काळी शेतकऱ्यांना लोखंडी नांगराची भीती वाटे. लोखंड जमिनीत गेले, की माती विषारी होते, असा समज होता. भाऊराव गावोगाव हिंडत, शेतकऱ्यांशी बोलत आणि त्यांची समजूत पटवीत. या भ्रमंतीत त्यांनी खेडी अगदी जवळून पाहिली. पडीक जमिनीकडे पाहावे, तशीच त्यांची नजर शाळेवाचून राहिलेल्या मुलांकडे जाई. जमिनीत कस आहे, पण नांगर नाही; मुलांत बुद्धी आहे, पण शाळा नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा मुलांची शेती करावयाची, असे त्यांनी ठरविले.

वारणाकाठच्या दुधगाव येथे मित्रांच्या साहाय्याने त्यांनी पूर्वीच एका वसतिगृहाच्या कामाला हात घातला होता. दुधगाव हे मिरज तालुक्यातील, म्हणजे कुपवाडच्याच परिसरातील गाव. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह ठरविले. वडाची पारंबी खाली येते, जमिनीत रुजते आणि तिचा नवा खोड बनतो. शिकलेल्या प्रत्येक मुलाने तसेच करावे, असा त्यामागील भाव होता.

१९२४ साली संस्था साताऱ्यास आली आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. सर्व जातींची व धर्मांची मुले एका पंक्तीस बसून जेवू लागली. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले.

नाव मोठे मिळाले, परंतु कोठारात धान्य नसे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या संपन्न घरातून आल्या होत्या. मुलांच्या पोटासाठी त्यांनी आपले दागिने एकेक करून दिले. एकदा भाऊराव परगावी असताना घरात शिजवावयास काहीच उरले नाही. तेव्हा त्या माऊलीने गळ्यातील मंगळसूत्र देऊन मुलांना जेवू घातले. १९३० साली त्या निवर्तल्या. मुले आईला पारखी झाली.

अशा स्थितीत एखाद्याने दारोदार हात पसरले असते. भाऊरावांनीही लोकांकडे मूठमूठ धान्य मागितले. पण नुसत्या दानावर वाढलेला विद्यार्थी ताठ मानेने उभा राहणार नाही, हे ते जाणत होते. म्हणून मुलांनी काम करावे, त्या कामावर आपले अन्न मिळवावे आणि शिकावे, हा मार्ग त्यांनी घालून दिला. मुलेच दळण दळीत, पाणी भरीत, सरपण आणीत व स्वयंपाक करीत. संस्थेकडे आलेल्या पडीक, खडकाळ जमिनीवर तीच मुले कुदळ-फावडे घेऊन जात. तेथे ती दगड फोडीत, माती सारखी करीत, धान्य व भाजीपाला पिकवीत. सकाळी ज्या हातांत टिकाव असे, त्याच हातांत दुपारी पुस्तक येई.

मुलांनो, पडीक माळ पिकविणे म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. सुपीक मातीचा एक बोटभर थर तयार व्हावयास शेकडो वर्षे लागतात. तो वाहून जाण्यास एक वळवाचा पाऊस पुरतो. म्हणून आपल्याकडील शेतकरी उताराला आडव्या ताली घालतात. शेतातलेच दगड वेचून ते एकावर एक नीट रचले, की धावते पाणी तेथे थबकते, बरोबर आणलेली माती खाली ठेवते आणि स्वतः जमिनीत मुरते. पुढे तेच पाणी खालच्या विहिरीला लागते. जो दगड नांगराला आडवा येत होता, तोच मातीचा राखणदार होतो. हे ज्ञान पुस्तकात मिळते. पण ते अंगी मुरते, ते हाताला घट्टे पडल्यावरच.

त्याच सुमारास सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतही असाच एक प्रयोग झाला. १९३३ साली तेथे मोठी बेकारी होती आणि अनेक भागांत माती धुपून चालली होती. तेव्हा अध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांची पथके उभारून त्यांना वृक्षलागवड व जमिनीची धूप थांबविणे अशी कामे दिली. महिना ३० डॉलर वेतन मिळे आणि त्यांतील सुमारे २५ डॉलर घरी पाठविले जात. १९४२ पर्यंत या तरुणांनी ३०० कोटींच्या आसपास झाडे लावली. त्यांच्यामागे एका बलाढ्य सरकारचा खजिना होता. साताऱ्याच्या मुलांमागे होती ती एका माऊलीची पुण्याई आणि एका दाढीवाल्या, खादीधारी माणसाचा निर्धार.

भाऊरावांनी १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. कमवा आणि शिका या योजनेमुळे गरीब शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या मुलांना कॉलेजचे दार उघडले. १९५९ साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण किताब दिला आणि पुणे विद्यापीठाने सन्मान्य डी.लिट. पदवी अर्पण केली. ज्यांना स्वतःला पदवी मिळाली नव्हती, त्यांच्यापुढे विद्यापीठ नम्र झाले. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. आज रयत शिक्षण संस्थेच्या शेकडो शाखा आहेत. वडाच्या पारंब्या दूरवर रुजल्या आहेत.

गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी देशात राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या शिबिरांत कॉलेजचे विद्यार्थी खेड्यात राहून श्रमदान करतात. झाडे लावतात, चर खणतात, बांध घालतात. तुम्हीही मोठे झाल्यावर अशा शिबिरास जाल. पहिल्या दिवशी हाताला फोड येतील, कंबर दुखेल आणि दिवसाकाठी चार हातही चर पुरा झाला नाही, म्हणून वाईट वाटेल. तेव्हा एक गोष्ट आठवा. २०१६ सालच्या एप्रिल महिन्यात लातूरची तहान भागविण्यासाठी कृष्णेचे पाणी भरलेली रेल्वेगाडी मिरजेहून निघाली होती. घोटभर पाण्यासाठी गाड्या धावाव्यात, इतकी पाण्याची किंमत मोठी आहे. तुमच्या चरात मुरलेले पाणी फार थोडे असेल. परंतु ते कोणाच्या तरी विहिरीत उतरेल.

कर्मवीरांनी माळावर धान्य पिकविले; पण त्यांची खरी शेती निराळीच होती. ज्या मुलांनी माती सांभाळली, तीच त्यांच्या शेतातील पिके होत. ते पीक अजून डुलत आहे.