घोड्यावरची नर्स आणि तिची शाळा

परवा शेजारच्या वहिनी पेढे घेऊन आल्या. लेकीचं नर्सिंग पूर्ण झालं, तालुक्याच्या गावी नोकरीही लागली. पेढा हातावर ठेवता ठेवता म्हणाल्या की, ही अजून शिकायचं म्हणतेय, पण नर्सला आणखी काय शिकायचं असतं? इंजेक्शन देता आलं, सलाइन लावता आलं, झालं की! वहिनींना काय बोल लावायचा? आपल्यापैकी कितीतरी जणींना असंच वाटतं. मला मात्र मेरी ब्रेकिनरिज आठवली. हातात नर्सिंगचं प्रमाणपत्र असताना, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी होऊन परदेशी गेलेली.

मेरीचा जन्म १७ फेब्रुवारी १८८१ रोजी अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात झाला. घराणं बडं. आजोबा अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते, वडील खासदार आणि पुढं काही वर्षं रशियात अमेरिकेचे वकील. त्यामुळं मेरीचं बालपण देशोदेशी गेलं. शिकवायला घरी बाई यायच्या, नंतर स्वित्झर्लंडमधली शाळाही झाली. पण मुलींनी कॉलेजात जाणं आईला पसंत नव्हतं. मुलीनं चांगल्या घरी पडावं, एवढीच अपेक्षा. घर कितीही श्रीमंत असलं आणि देश कुठलाही असला, तरी मुलींच्या बाबतीत विचार किती सारखे असतात बघा!

१९०४ मध्ये मेरीचं लग्न झालं आणि दोनच वर्षांत नवरा आजारपणात गेला. पंचविशीच्या आसपास वैधव्य आलं. नुसतं बसून राहण्यापेक्षा काहीतरी उपयोगाचं करावं म्हणून तिनं १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेत नाव घातलं आणि १९१० मध्ये शिक्षण पुरं केलं. १९१२ मध्ये दुसरं लग्न झालं. नवरा आर्कान्सा राज्यातल्या एका महिला कॉलेजचा प्रमुख होता. मेरी तिथंच शिकवू लागली. नर्सिंग मागं पडलं, संसार सुरू झाला.

१९१४ मध्ये मुलगा झाला. १९१६ मध्ये मुलगी झाली, पण दिवस भरायच्या आधीच, आणि ती काही तासच जगली. मग जानेवारी १९१८ मध्ये, चौथा वाढदिवस होऊन थोडेच दिवस झाले असताना, मुलगाही गेला. लग्नही पुढं टिकलं नाही. मेरीनं माहेरचं नाव पुन्हा लावलं. छत्तीस-सदतिसाव्या वर्षी पदरात काहीच उरलं नव्हतं. होतं ते फक्त हातातलं नर्सिंग.

पहिलं महायुद्ध संपल्यावर ती फ्रान्समध्ये मदतकार्याला गेली. युद्धानं उद्ध्वस्त झालेल्या गावांत लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यासाठी तिनं काम उभं केलं. मुलांना दूध मिळावं म्हणून शेळ्यासुद्धा मिळवल्या. तिथं तिला इंग्लंडच्या काही परिचारिका भेटल्या. त्या नर्स तर होत्याच, शिवाय बाळंतपणाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या सुइणीही होत्या. मेरीला जे हवं होतं ते इथं सापडलं. अमेरिकेत नर्सला आजाऱ्याची सेवा येई, पण बाळंतपण करणं हे तिचं काम मानलं जात नसे. खेड्यातल्या म्हाताऱ्या सुइणींना अनुभव असे, पण शास्त्र माहीत नसे. आणि डॉक्टर? तो डोंगरात औषधालाही सापडत नसे. या तिघांच्या मधली जी जागा रिकामी होती, ती भरू शकणारी बाई घडवायची, असं मेरीनं ठरवलं.

पण इथं मैत्रिणींनो, एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मेरीकडं घराण्याचं नाव होतं, ओळखी होत्या, पैसाही होता. लगेच एखादी संस्था काढून ती मिरवू शकली असती. तसं तिनं केलं नाही. आपल्याला बाळंतपणाचं शास्त्र येत नाही, हे तिनं आधी कबूल केलं. मग कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. १९२३ च्या उन्हाळ्यात केंटकी राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगरात घोड्यावरून फिरून तिनं गावोगावच्या सुइणींची विचारपूस केली. त्यानंतर लंडनजवळच्या वुलविच इथल्या बाळंतपणाच्या रुग्णालयात शिकून, परीक्षा देऊन सुईण म्हणून प्रमाणपत्र मिळवलं. एवढ्यावरही न थांबता स्कॉटलंडला जाऊन, दूरच्या वाड्यावस्त्यांपर्यंत नर्सची सेवा कशी पोचवतात, ते प्रत्यक्ष पाहिलं. मग कुठं ती कामाला लागली.

मे १९२५ मध्ये केंटकीतल्या लेस्ली परगण्यात काम सुरू झालं. पुढं त्याचं नाव फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस पडलं. आईकडून आलेला पैसा मेरीनं यातच घातला. त्या भागात धड रस्ते नव्हते. वाट म्हणजे ओढ्याचं पात्र. नर्सेस घोड्यावरून जायच्या, खोगिराला औषधं आणि बाळंतपणाचं सामान भरलेल्या पिशव्या बांधलेल्या. ठरावीक अंतरावर एकेक केंद्र होतं. गरोदर बाईची दिवस राहिल्यापासून तपासणी, बाळंतपण घरीच आणि नंतर बाळ-बाळंतिणीकडं फेऱ्या. या सगळ्याची फी पाच डॉलर. ज्यांच्याकडं रोख नसे ते लाकूड, जनावरांचा चारा किंवा अंगमेहनत देऊन फेडत. १९२८ मध्ये हायडन इथं लहानसं रुग्णालयही झालं.

नर्सनं एकटीनं निर्णय घ्यायचे म्हणजे मनमानी नव्हे. लेक्सिंग्टन शहरातल्या डॉक्टरांच्या समितीनं लेखी नियम घालून दिले होते. कुठवर नर्सनं स्वतः उपचार करायचे आणि कधी डॉक्टरांना बोलवायचं, ते त्यात होतं. पहिल्या हजार बाळंतपणांचे कागद एका मोठ्या विमा कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांनी तपासले. बाळंतपणाच्या थेट कारणानं त्यात एकही आई दगावली नव्हती. त्या काळी अमेरिकेत दर हजार बाळंतपणांमागं सहा-सात बायका जात होत्या, हे ध्यानात घेतलं की या आकड्याचं मोल कळतं.

१९३१ मध्ये मेरी घोड्यावरून पडली, पाठीचा मणका मोडला. त्यानंतर जन्मभर पाठीला पट्टा राहिला, पण काम थांबलं नाही.

तिच्या बहुतेक नर्सेस इंग्लंडहून आलेल्या किंवा तिकडं पाठवून शिकवून आणलेल्या असायच्या. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध पेटलं. इंग्रज नर्सेस मायदेशी परतू लागल्या, समुद्रमार्ग धोक्याचा झाला. आता? मेरीनं शाळाच डोंगरात आणली. १ नोव्हेंबर १९३९ रोजी फ्रंटियर ग्रॅज्युएट स्कूल ऑफ मिडवायफरी सुरू झालं. विद्यार्थिनी किती? दोन! नावातच ग्रॅज्युएट होतं, कारण इथं येणारी मुलगी आधीच नर्स झालेली असायची. इथं तिला नर्सिंगच्या पुढचं, स्वतःच्या जबाबदारीवर बाळंतपण करण्याचं शिक्षण मिळायचं.

मेरीचं सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. कृष्णवर्णीय नर्सेसना तिनं आपल्या संस्थेत घेतलं नाही. ज्या शिक्षणानं इतक्या घरांतल्या आया वाचल्या, त्याचं दार तिनं काही मुलींना केवळ रंगामुळं बंद ठेवलं. मोठ्या माणसाचं मोठेपण सांगताना हेही सांगायला हवं.

१६ मे १९६५ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी मेरी गेली. तोवर तिच्या संस्थेनं साडेचौदा हजारांवर बाळंतपणं केली होती आणि त्यात अकरा माता दगावल्या होत्या. योगायोग असा, की त्याच वर्षी कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड नावाच्या नर्सनं आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे तपासणी आणि उपचार करू शकणारी जास्त शिकलेली नर्स, घडवायला सुरुवात केली. मेरीच्या शाळेनंही १९७० पासून तसे वर्ग काढले. १९८९ पासून मुलींना आपल्या गावीच राहून शिकायची सोय केली. २०११ मध्ये दोन मुलींच्या त्या शाळेचं नाव फ्रंटियर नर्सिंग युनिव्हर्सिटी झालं. नर्सिंगची मास्टर्स आणि डॉक्टरेट तिथं करता येते.

आपल्याकडंही वाटा आहेत. जीएनएम झालेल्या मुलीला दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं, पुढं दोन वर्षांचं एमएस्सी. त्यात स्त्रीरोग-प्रसूती, बालरोग, मनोविकार, सामाजिक आरोग्य असे विषय घेता येतात. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. आणि मेरीच्या कामाच्या अगदी जवळचं म्हणजे, केंद्र सरकारनं २०१८ मध्ये मिडवायफरी सेवेचं धोरण आणलं. त्यात नोंदणीकृत नर्ससाठी दीड वर्षाचं नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी हे प्रशिक्षण आहे. प्रवेशापूर्वी कॉलेजला मान्यता आहे का, अनुभवाची अट काय, हे मात्र नीट विचारून घ्यावं.

वहिनींना मी हे सगळं सांगितलं. चहा थंड होईपर्यंत त्या ऐकत होत्या. उठताना एवढंच म्हणाल्या, की ते फॉर्म कधी निघतात, तेवढी चौकशी करून ठेवा.